टाकळा, तरोटा की तरवड? एका रानभाजीच्या नावाचा अर्थ आणि वापर

पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेत टाकळ्याची दाट रोपे उगवतात. ही भाजी फुकट मिळते, चवीला चांगली असते आणि ओळखायलाही अवघड नाही. घोटाळा होतो तो नावात. म्हणून रानभाजी शिकू पाहणाऱ्याने झाडाइतकेच त्याच्या नावाकडेही लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात, त्यालाच विदर्भात तरोटा म्हणतात, छत्तीसगडात चरोटा आणि गोव्यात तायकिळो. याचे शास्त्रीय नाव सेना तोरा असून जुन्या पुस्तकांत ते कॅशिया तोरा असे आढळते. तेव्हा नागपूरच्या माणसाने तरोट्याची कृती सांगितली, तर रत्नागिरीच्या वाचकाने ती निर्धास्तपणे टाकळ्याची समजावी. संस्कृतात याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न ही नावे आहेत आणि ती दोन्ही झाडाच्या औषधी उपयोगावरून पडली आहेत. दद्रु म्हणजे गजकर्ण. त्याचा चट्टा चाकासारखा गोल वाढतो, आणि त्या चक्राचे मर्दन करणारा तो चक्रमर्द. आयुर्वेदात याच्या बिया त्वचाविकारांवर का वापरतात, हे या नावातूनच कळते.

आता घोटाळ्याच्या जागा पाहू. तरोट्याला काही ठिकाणी तरवटा म्हणतात आणि हा शब्द तरवडाच्या फार जवळ जातो. तरवड हे याच कुळातले, पिवळ्या फुलांचे, पण वेगळे झुडूप आहे. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे. तरवडाचे झुडूप वर्षानुवर्षे टिकते आणि त्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या लहान पानांच्या, पुष्कळ जोड्या असतात, तर टाकळा पावसात उगवतो आणि हंगाम संपताच वाळून जातो. त्यामुळे ऐकलेला शब्द तरवटा होता की तरवड, याची शंका आली तर सांगणाऱ्याला पुन्हा विचारण्यात संकोच करू नये.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. कासविंदा या झाडाला मराठीत रानटाकळा असेही म्हणतात, आणि ‘रान’ हा शब्द ऐकून नवख्या माणसाला तो टाकळ्याचाच रानटी प्रकार वाटतो. प्रत्यक्षात ही निराळी जात असून तिच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात या बिया खाल्ल्यामुळे लहान मुलांचे यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यू झाले आहेत. तिकडे कासविंद्याला पमाड म्हणतात आणि हिंदीत टाकळ्याला पंवाड म्हणतात. दोन शब्दांत अंतर किती थोडे आहे ते पाहा.

म्हणून नाव ऐकल्यावर पान हातात घेऊन पाहावे. टाकळ्याच्या पूर्ण वाढलेल्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद व गोलसर असते, त्यामुळे कोवळे रोप दुरून मेथीसारखे दिसते. रानटाकळ्याच्या पानात बहुधा चार ते सहा जोड्या असतात आणि पर्णिका टोकाला अणकुचीदार होतात. शेंगांतही फरक आहे: टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि वाकडी असते, रानटाकळ्याची चपटी. मात्र भाजी खुडण्याच्या दिवसांत शेंगा आलेल्या नसतात, त्यामुळे भरवसा पानावरच ठेवावा लागतो. संध्याकाळी टाकळ्याच्या पर्णिका मिटतात, म्हणून ही पारखणी दिवसाउजेडी करावी.

हा शब्द बोलण्यात पुल्लिंगी चालतो. ‘टाकळा खुडला’, ‘टाकळा कसा दिला?’ असे म्हणावे. विभक्तीत त्याचे टाकळ्या- होते, जसे टाकळ्याची भाजी, टाकळ्याच्या बिया. तरोट्याचेही तसेच. लिहिताना पहिल्या उल्लेखात गावाकडचे नाव, जिल्हा आणि शक्य असल्यास शास्त्रीय नाव द्यावे, म्हणजे दुसऱ्या टोकाचा वाचक चुकणार नाही. केवळ ‘रानभाजी’ किंवा केवळ ‘टाकळ्यासारखी’ असे लिहिणे मला धोक्याचे वाटते.

भाजीसाठी फुले येण्यापूर्वीचा कोवळा शेंडा आणि पाने घ्यावीत, जाड देठ टाकून द्यावेत. पाला धुऊन बारीक चिरावा, तेलात कांदा, लसूण आणि हिरवी मिरची परतून त्यात भिजवलेली चणाडाळ आणि पाला घालावा, आणि झाकण ठेवून शिजवावे. उतरवताना ओले खोबरे घालावे. गोव्यात आणि कोकणात चणाडाळीच्या जागी फणसाच्या आठळ्याही घालतात. आठळीचा पिठूळ गोडवा पाल्याच्या किंचित कडवट, उग्र चवीला फार छान धरून राहतो. पाल्यात पोट साफ करणारे घटक असल्याने पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच भाजी खावी. पिवळी फुले दिसू लागली की पाने जून झालेली असतात. तेव्हापासून पुढच्या पावसापर्यंत खुडणे थांबवावे.