गाणारी वाळू आणि किल-कोबिझ
कझाकस्तानातल्या अल्तिन-एमेल उद्यानातली वाळूची टेकडी कोरडी असेल तरच गाते, म्हणून पावसानंतर जाऊ नका. उतारावरून बसून घसरलात की वाळू घुमू लागते. ते टिपायला रेकॉर्डर २४ बिटच्या दर्जावर, सर्वांत मोठा आवाज त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलपर्यंत. माइकला केसाळ विंडशील्ड हवंच. लो-कट, म्हणजे खालचे स्वर गाळणारी सोय, मात्र बंद ठेवा: घुमारा खर्जातच असतो, तो कापला की हाती नुसती खसखस उरते.

या घुमाऱ्याच्या रेकॉर्डिंगसोबत किल-कोबिझ, म्हणजे गजाने वाजवायचं कझाक तंतुवाद्य, वाजवायचं. त्याच्या दोन्ही तारा घोड्याच्या केसांच्या. त्या दाबायच्या नाहीत, हलकेच स्पर्श करायचा. राळ कमी पडली की गज घसरतो. घुमाऱ्यापासून २ हर्ट्झ दूरचा लांब स्वर धरा. सेकंदाला आवाजाचे दोन हेलकावे ऐकू येतील. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमणं, नको, केसांची खरखर त्यात बुडते.