'इसबगोल काय औषध आहे?' : हार्मोनच्या गोळ्यांसोबत या चुका टाळा

रामबागेतल्या आमच्या मेडिकलवर मध्यंतरी एक काकू रिपोर्ट घेऊन आल्या. टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा, 11. "भाऊ, वर्षभरात थायरॉईडची 75 मायक्रोग्रॅमची गोळी एक दिवस चुकवली नाही. तरी वाढलं कसं?" सोबत आणखी काय घेता, विचारलं. "काहीच नाही." मग पिशवीची चेन लावता लावता, "सकाळी इसबगोल घेते, पण ते काय औषध आहे?"

त्यांची सकाळ अशी: सहाला थायरॉईडची गोळी, त्यामागून लगेच इसबगोल, दहा मिनिटांत चहा, आणि पोह्यांबरोबर कॅल्शियम. गोळी रोज पोटात जात होती, पण रक्तात पुरेशी उतरत नव्हती. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन फार मानी औषध आहे, त्याला शेजारी कुणी चालत नाही. कॅल्शियम आणि लोह त्याला धरून ठेवतात, इसबगोलाचा भुसा शोषणात आडवा येतो. गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने घ्या आणि पुढचा अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. कॅल्शियम, लोह किमान चार तासांनी. इसबगोल रात्री, भरपूर पाण्यासोबत.

इथे दुसरी चूक डॉक्टरांच्या खोलीत होते. इसबगोलाचं सांगितलं नाही, तर टीएसएच बघून ते 75ची 100 करतात. पुढे पोट सुधारलं म्हणून इसबगोल सुटतं आणि तोच डोस जास्त होतो. छाती धडधडते, झोप उडते. म्हणून आधी वेळा दुरुस्त करा, मग डोसचं डॉक्टरांशी बोला. या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण सात दिवसांचं आहे, त्यामुळे तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत रिपोर्ट काढून घाबरण्यात अर्थ नाही.

धडधड होण्याचं आणखी एक कारण अश्वगंधा. थकवा जावा म्हणून लोक सुरू करतात. पण तिने थायरॉईडचं हार्मोन वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. थायरॉईडची गोळी चालू असेल तर न विचारता नको.

केसांसाठीच्या गोळ्या वेगळाच घोळ घालतात. त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व 5 किंवा 10 मिलीग्रॅम असतं, रोजची गरज मात्र 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास. थायरॉईड ठीकच असतो, चुकते ती तपासणी. काही यंत्रांवर टीएसएच खोटंच कमी आणि टी4 (थायरॉईडचं हार्मोन) खोटंच जास्त दिसतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

ज्येष्ठमधाची कांडी खोकल्यात दोन दिवस चघळली तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असताना रोज चूर्ण घेणं मात्र वेगळं. बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडचा जोरही वाढू शकतो. शतावरीचा परिणाम इस्ट्रोजेनसारखा होण्याची शक्यता असल्याने स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल गोळ्या घेणाऱ्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. अमेरिकेहून कुणी 'मन शांत करणारी' म्हणून सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीच्या गोळ्यांची बाटली आणली, तर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी ती बाजूलाच ठेवावी. यकृत त्या गोळीतले हार्मोन लवकर निकाली काढू लागतं आणि गोळी कुचकामी ठरू शकते. वॉर्ट बंद केल्यावरही काही आठवडे हा परिणाम राहतो.

सगळ्यात जास्त भीती मला बिनलेबलच्या पुडीची वाटते. सांधेदुखीवर 'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या अशा चूर्णांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आहेत. चेहरा गोल होऊ लागला, साखर अचानक वाढली, तर संशय घ्या. पण महिनोन् महिने घेतलेली पुडी घाबरून एका दिवसात सोडू नका. शरीराने कॉर्टिसोल हे स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी कोसळणं, इथवर जातं. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

औषधाचा दुष्परिणाम वाटला तर 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतं. पुडी फेकू नका, फोटो काढा.