ऑनलाइन कोर्सचा मजकूर लिहिताय? या चुका टाळा

‘कोर्स रटाळ झालाय, जरा इंटरेस्टिंग करा’ असा निरोप आला की लिहिणारा आधी चित्रं शोधायला लागतो. मग ॲनिमेशन येतं, बॅज येतात, कोपऱ्यात हात हलवणारं एखादं कार्टून येतं. आणि विद्यार्थी तरीही तिसऱ्या मॉड्यूलपर्यंत गळतात. कारण दुखणं बहुतेक वेळा मजकुरात असतं. पानामागून पान जातं आणि शिकणाऱ्याला ‘पुढे’चं बटण दाबण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही.

वर्गातलं साहित्य जसंच्या तसं चढवणं

वर्गात वापरलेली पीपीटी एलएमएसवर (ज्या सॉफ्टवेअरवर ऑनलाइन कोर्स चालतो त्यावर) टाकली की कोर्स तयार झाला, हा समज काही जात नाही. त्या स्लाइडवर चार मुद्दे असतात, कारण उरलेलं सगळं शिक्षक तोंडाने सांगत असतो. शिक्षक वजा केला की उरतात चार तुटक शब्द. पुस्तकातलं प्रकरण चिकटवलं तर उलटा त्रास: मोबाइलवर बोट दुखेपर्यंत स्क्रोल करा.

शिवाय वर्गात कपाळावरच्या आठ्या दिसतात आणि शिक्षक लगेच दुसरं उदाहरण देतो. ऑनलाइन मजकुरात ती आठी आधीच ओळखून लिहावं लागतं. त्यासाठी सोपा उपाय आहे, आणि तो फार कमी लोक करतात: विषय शिकवणाऱ्याला ‘यात काय काय घ्यायचं?’ असं विचारण्याआधी ‘विद्यार्थी दरवेळी कुठे अडतात?’ असं विचारा. त्या उत्तरातून मॉड्यूलचा निम्मा आराखडा मिळतो.

‘ओळख होईल’ छापाची उद्दिष्टं

‘या घटकातून अग्निशामकांच्या प्रकारांची ओळख होईल.’ झाली की नाही, हे कसं कळणार? शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पायऱ्या लावणारी ब्लूमची वर्गवारी 1956 सालची, तिची सुधारित आवृत्ती 2001 ची. तिच्यावरून तयार केलेल्या क्रियापदांच्या याद्या आजही हातोहात फिरतात. त्यातून ‘स्पष्ट करेल’, ‘विशद करेल’ उचलून बसवलं की उद्दिष्ट नुसतं भारदस्त दिसतं. त्यापेक्षा एकच प्रश्न स्वतःला विचारावा: घटक संपल्यावर शिकणारा असं काय करेल, जे त्याला आधी जमत नव्हतं? ‘आग कशाची आहे ते पाहून योग्य अग्निशामक निवडेल.’ आता लिहायचं काय ते आपोआप ठरतं.

याच घटकाचा नेहमीचा मजकूर असा असतो:

‘अग्निशामक यंत्रे विविध प्रकारची असून आगीच्या स्वरूपानुसार त्यांचा वापर करण्यात येतो. पाणी, फोम, कार्बन डायऑक्साइड व कोरडी पावडर हे त्यातील प्रमुख प्रकार होत.’

आणि हाच मजकूर शिकणाऱ्याला कामाला लावून:

‘तुम्ही ऑफिसात एकटे आहात. झेरॉक्स मशीनच्या मागून छोटी ज्वाळा दिसतेय. मशीनची वीज चालू आहे. दाराशी दोन अग्निशामक टांगलेत, एक पाण्याचा आणि एक कार्बन डायऑक्साइडचा. कोणता उचलाल?’

पाण्याचा निवडला तर पुढे येतं: ‘थांबा. वीज चालू आहे आणि पाण्यातून ती वाहते. शॉक तुम्हालाच बसू शकतो.’ कार्बन डायऑक्साइडचा निवडला तर: ‘बरोबर, त्यातून वीज वाहत नाही. सुरक्षितपणे जमत असेल तर आधी स्विच बंद करा.’ प्रकारांचा तक्ता यानंतर द्यावा. आता तो वाचायला कारण आहे. चित्र एकही बदललेलं नाही.

अर्थात विषय पूर्ण कोरा असेल तर प्रश्नाने सुरुवात करणं त्रासदायक ठरतं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचं संशोधन हेच सांगतं: नवख्याला आधी पायरी पायरीने सोडवून दाखवलेलं उदाहरण लागतं, नाहीतर त्याची सगळी ताकद चाचपडण्यातच जाते. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं द्या, दुसऱ्यात शेवटच्या पायऱ्या रिकाम्या ठेवा, तिसरं त्याच्यावर सोपवा.

क्विझ म्हणजे शेवटची औपचारिकता

बहुतेक कोर्समध्ये क्विझ सगळ्यात शेवटी, घाईत लिहिलेली असते आणि ते लगेच ओळखू येतं. सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो. ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं की डोळे मिटून निवडावं. एक पर्याय इतका हास्यास्पद असतो की तो कुणीच निवडणार नाही. आणि चुकल्यावर मिळतं काय, तर ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा.’

चुकीचा पर्याय लिहिणं हे बरोबर पर्याय लिहिण्याहून अवघड काम आहे. लोक खरोखर जी चूक करतात, तीच पर्यायात आली पाहिजे आणि फीडबॅकमध्ये ती चूक का होते ते सांगितलं पाहिजे.

क्विझ फक्त मोजायला नसते, आठवून उत्तर देण्यातूनच शिकणं पक्कं होतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. म्हणून प्रश्न मजकुरात मध्ये मध्ये पेरा, आणि दुसऱ्या मॉड्यूलमधला एखादा प्रश्न चौथ्यातही विचारा.

पडद्यावरचं वाचून दाखवणं, आणि मसाला

स्लाइडवर परिच्छेद आणि आवाजातही तोच परिच्छेद, शब्दाला शब्द. डोळ्यांनी वाचणं कानांच्या पुढे धावतं आणि दोन्हींचा मेळ घालण्यात लक्ष वाया जातं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि आवाज यांच्या जोडीला तोच मजकूर पडद्यावर लिहिला, तर शिकणं बहुधा कमी झालेलं दिसतं. पडद्यावर आकृती आणि मोजके शब्द ठेवा, समजावणं आवाजावर सोडा. सबटायटल्स मात्र हवीतच, गरजेप्रमाणे चालू-बंद करता येणारी.

मसाल्याचंही तेच. हार्प आणि मेयर यांनी 1998 मध्ये वीज कशी पडते या पाठात रंजक पण मुद्द्याबाहेरचे तपशील घालून पाहिले. ज्यांनी ते वाचले, त्यांना मुख्य प्रक्रिया कमी आठवली. किस्सा घालू नका असं नाही. किस्सा काढला तर मुद्दा अडतो का, एवढं तपासा.

भाषा: एकतर परिपत्रक, नाहीतर लाडीगोडी

‘सदर घटकामध्ये अभ्यास करण्यात येईल’ हे कोणी कोणाशी बोलत नाही. ‘तुम्ही’ म्हणून थेट बोला. पण ‘चला तर मग मित्रांनो!’ दर पानावर आलं की मोठ्या माणसालाही बालवाडीत बसल्यासारखं वाटतं.

व्हिडिओचे तुकडे

2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या सुमारे 69 लाख व्हिडिओ सत्रांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. व्हिडिओ कितीही लांब असो, किमान निम्मे पाहणारे सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. यावरून लोकांनी चाळीस मिनिटांचं व्याख्यान कात्रीने सात ठिकाणी कापलं. प्रत्येक तुकडा वाक्याच्या मध्यातून सुरू! एक व्हिडिओ, एक प्रश्न, त्याचं पूर्ण उत्तर; अशी संहिता आधीच लिहावी लागते.

ब्लेंडेड (थोडा ऑनलाइन, थोडा वर्गात) कोर्समधली सगळ्यात महाग चूक

ऑनलाइन जे दिलं तेच वर्गात पुन्हा शिकवणं. काहीजण वाचून आलेले नसतात, म्हणून शिक्षक सुरुवातीपासून सांगतो. जे वाचून आले त्यांचा वेळ फुकट जातो आणि पुढच्या वेळी तेही वाचून येत नाहीत. ऑनलाइन भागाच्या शेवटी असा प्रश्न ठेवा, ज्याच्या उत्तरांवरच वर्ग सुरू होईल: ‘तुमच्यापैकी निम्म्यांनी पाण्याचा अग्निशामक निवडलाय, का?’ शिक्षकासाठीही दोन ओळींची सूचना लिहा: हे पुन्हा शिकवू नका, इथून सुरू करा. आणि दोन्हीकडचा वेळ एकत्र मोजा, नाहीतर एका कोर्सच्या नावाखाली दीड कोर्सचं ओझं पडतं.

कोर्स चालू आहे आणि बिघडलाय, तर

एलएमएसचा रिपोर्ट उघडा. सगळे पहिल्याच प्रयत्नात शंभर टक्के मिळवत असतील तर क्विझ काहीच तपासत नाही. एका प्रश्नात बहुतेक जण एकच चुकीचा पर्याय निवडत असतील तर आधी प्रश्नाची वाक्यरचना वाचा, मग त्याआधीचा मजकूर. विद्यार्थ्यांना दोष शेवटी. व्हिडिओत एकाच जागी लोक मागे जात असतील तर तिथे काहीतरी निसटतंय. चर्चेत नुसतं ‘सहमत’, ‘छान’ येत असेल तर प्रश्नाला एकच उत्तर आहे. दोन बाजू असलेला प्रश्न द्या.

रिपोर्ट गळती कुठे आहे ते दाखवतो, का आहे ते नाही. त्यासाठी विषय माहीत नसलेल्या एकाला शेजारी बसवून कोर्स करू द्या आणि स्वतः तोंडातून शब्द काढू नका.

आणि एकच मॉड्यूल दुरुस्त करायला वेळ असेल तर पहिलं घ्या. स्वागत, रूपरेषा, गुणपद्धती, प्लॅटफॉर्म कसा वापरावा, असं सगळं तिथेच कोंबलेलं असतं. ते वेगळ्या पानावर हलवा आणि त्या जागी पहिल्या दहा मिनिटांत पूर्ण होईल असं कोर्समधलं एक खरं काम द्या.