फायबर तुटली की ३२ सेकंदांची शांतता: उपाय

कापसाच्या हंगामात जेसीबीनं रस्त्याकडेची फायबर तोडली, की जिनिंगमधून लावलेला फोन बराच वेळ गप्प राहतो आणि मगच दुसऱ्या लाइनवर जातो. एसआयपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायच्या पद्धतीत, पलीकडून उत्तरच आलं नाही, तर त्या लाइनचा नाद सोडायला ३२ सेकंद लागतात. दारात कापसाच्या गाड्यांची रांग असताना एवढा वेळ कोण थांबतो? मुनीमजी फोन ठेवून देतात.

अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या फोन एक्स्चेंजमध्ये हे करा:

१. आउटबाउंड रूटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या लाइनींचा क्रम) पहिला फायबरचा ट्रंक, म्हणजे फोन कंपनीशी जोडणारी लाइन; त्याखाली सिमवाला जीएसएम गेटवे, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून कॉल पाठवणारी पेटी. सिम वेगळ्या कंपनीचं घ्या, आणि ज्या टॉवरला भारनियमनात बॅटरी पुरते त्याचंच.

२. फायबरच्या ट्रंकमध्ये 'क्वालिफाय फ्रिक्वेन्सी' ३० ठेवा. शून्य असेल तर तपासणी बंद असते. आता दर ३० सेकंदांनी एक्स्चेंज ट्रंकला हाक मारतं. उत्तर नाही आलं की तो बंद धरून कॉल थेट सिमवर पाठवतं.

३. सकाळी काटा सुरू होण्याआधी राउटरमागची फायबरची पिवळी वायर काढा, मिनिटभर थांबा, फोन लावा. लगेच रिंग गेली पाहिजे. हे प्रत्यक्ष केल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

सांभाळायचं एकच: काही कंपन्यांचा सर्व्हर या हाकेला ओ देतच नाही. मग चांगला ट्रंकही बंद दिसतो आणि सगळे कॉल सिमवर जाऊन बॅलन्स संपतो. सेटिंग बदलल्यावर ट्रंक चालू दिसतो का, ते आधी बघा.