वस्तीच्या हरकतीवर फाउंडेशनचा लोगो? या चुका टाळा

शहर आराखड्यातल्या एका फेरबदलाची सुनावणी होती. मी मागच्या बाकावर बसलो होतो. आमच्या कामाला पैसे देणाऱ्या फाउंडेशनने मोठ्या उत्साहाने हरकतीचा छान मजकूर लिहून दिला होता. त्याच्या दोनशेवर झेरॉक्स, खाली नाव-सहीसाठी मोकळी जागा आणि कोपऱ्यात त्यांचा लोगो. साहेबांनी गठ्ठा चाळला आणि पुढे बसलेल्या मावशींना विचारलं, "बाई, यात तुमचं म्हणणं काय?"

"सही माझीच हाय जी. लिवलं ते मॅडमनं."

गठ्ठ्याला रबर बँड लागलं आणि सगळ्यांची मिळून एकच हरकत नोंदली गेली.

त्या मावशींच्या घरात नाल्याचं पाणी कुठवर चढतं, हे त्यांनी भिंतीवर कोळशाने आखून ठेवलंय. सर्वांत वरची रेघ २३ सप्टेंबर २०२३ ची, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरात शिरली त्या पहाटेची. ती रेघ एकाही झेरॉक्समध्ये नव्हती. आमचीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

तयार मजकूर वाटू नका

फाउंडेशनने पैसा कागदावर जरूर खर्च करावा, पण मजकुरावर नाही. आराखड्याचा नकाशा वाचता येईल एवढा मोठा छापून समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. एखादा निवृत्त ड्राफ्ट्समन दोन संध्याकाळी बसवा, म्हणजे आपलं घर त्या रंगीत पट्ट्यात नेमकं कुठे येतं ते लोकांना बोट ठेवून दाखवता येईल. मग ज्याने त्याने आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात: घर कुठे, अडचण काय, बदल काय हवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत कुणीतरी उतरवावं, वाचून दाखवावं, मग अंगठा घ्यावा. अशा वीस हरकती दोनशे झेरॉक्सना भारी पडतात. आणि पोच घ्या. शिक्का नसलेली प्रत म्हणजे हरकत दिलीच नाही असं समजा.

मुदत तीस दिवसांची, मंजुरी तीन महिन्यांची

प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालच्या फेरबदलावर हरकतीसाठी एक महिना मिळतो. त्यातला पहिला आठवडा जाहिरात कुणाच्या तरी नजरेस पडण्यातच जातो. उरलेल्या तीन आठवड्यांत आपण फाउंडेशनला प्रस्ताव पाठवतो. त्यांची समिती तिमाहीला एकदा बसते. पैसे मंजूर होतात तेव्हा सुनावणीचा मांडवसुद्धा उठलेला असतो.

यावर उपाय एकच. वर्षाच्या सुरुवातीलाच, कुठल्याही मुद्द्याला न बांधलेली छोटी रक्कम मागून ठेवा: झेरॉक्स, टेम्पो, नकाशे, भाषांतर यांच्यासाठी. फाउंडेशनवाले कुरकुरतात, कारण अहवालात दाखवायला फोटो मिळत नाही. तरी मागा.

दिहाडी मात्र देऊ नका. सकाळी अकराच्या सुनावणीला धुणीभांडी करणाऱ्या बायांचा दिवस बुडतो हे खरं, आणि भरपाई द्यावी असं मलाही वाटतं. पण एकदा पैसे वाटले की समोरचा पक्ष सरळ विचारतो, "कितीत आणले?" येण्याजाण्याचं भाडं आणि लहान लेकरं सांभाळायला दोन मुली, एवढ्यावर थांबा. सुनावणीची वेळ बदलून मिळावी असा लेखी अर्ज आधीच द्या. क्वचित मिळते, पण मिळते.

जनसुनावणी म्हणजे मोर्चा नाही

नागपूरजवळच्या कोराडीच्या प्रस्तावित नव्या औष्णिक वीज संचांसाठी २९ मे २०२३ ला जनसुनावणी झाली. नागपूरचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. अशा ठिकाणी लोक घोषणा देऊन घसा बसवतात आणि लेखी काहीच देत नाहीत. पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना वाचली तर हातात बरंच काही येतं. किमान ३० दिवसांची सूचना लागते, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही लागतो आणि शेवटी इतिवृत्त लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उठून सांगा, घरी येऊन हळहळू नका. गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, मात्र अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला म्हणून सुनावणी थांबत नाही.

पैशाचा रंग न पाहणं

इथे चांगल्या चांगल्या संस्था अडकतात. मुंबईच्या फाउंडेशनकडे परदेशी देणगी आहे आणि ती तुमच्याकडे वळवायची आहे? एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं बंद आहे, दोघांकडे एफसीआरए नोंदणी असली तरी. एकतर त्यांनी तो खर्च स्वतः करावा, नाहीतर देशातल्या देणगीतून द्यावा.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचं, दुखणं वेगळं. कंपनी सांगते, "प्रशासकीय खर्चाला ५ टक्केच, तेव्हा कार्यकर्तीचा पगार बसत नाही." हा गैरसमज आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. २०२१ चे सुधारित नियम छापून सोबत न्या, वाद लवकर मिटतो. राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरला जात नाही, म्हणून नगरसेवकाच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर प्रकल्पाचं नाव दिसू देऊ नका.

धरणं धरलं की संस्था 'राजकीय' ठरते, ही भीतीही नेहमीची. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफसीआरएच्या संबंधित नियमाचा अर्थ मर्यादित केला: पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकहितासाठी बंद किंवा रास्ता रोको केला, एवढ्यावरून परदेशी देणगी नाकारता येत नाही.

डिसेंबरमध्ये जागं होणं

हिवाळी अधिवेशन आलं की दिल्ली-मुंबईची फाउंडेशनं नागपुरात उतरतात. सिव्हिल लाइन्समध्ये हॉटेल, आमदारांना फाइल, तर्री पोह्यांचा फोटो. त्या दिवसांत आमदाराला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मिळतं ते) तर कितीतरी आधीच गेलेले असतात. दिवाळीपूर्वी मतदारसंघातल्या घरी भेटा. एक पान, एक मागणी.

पुरावा वस्तीचा, पण नीट मोजलेला

गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्य संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बाजूच्या ४७ गावांशी तुलना केली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ मध्ये आला. मधली बारा वर्षं मोजा आणि मग बारा महिन्यांच्या प्रकल्पात 'धोरणबदल' हा रकाना भरा. तिथे 'किती हरकतींना लेखी उत्तर मिळालं' एवढंच लिहा, ते मोजता येतं.

उत्तरच आलं नाही तर

माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'आमचं काय झालं?' असं विचारू नका. पोच क्रमांक देऊन त्या हरकतीवरच्या टिप्पणीची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मावशींनी पुन्हा हरकत दिली, यावेळी स्वतः. सोबत भिंतीचा फोटो आणि शेजारी लाकडी फूटपट्टी. उत्तर आलं नाही म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला, त्याचे तीस दिवस येत्या मंगळवारी संपतात. अपिलाचा कागद त्यांनी आत्ताच आणून ठेवलाय, गॅसच्या पुस्तकात घडी घालून.