एसव्हीसीमध्ये बिट वाचवायचे असतील तर आधी बेस लेयर बघा

एसव्हीसी (स्केलेबल व्हिडिओ कोडिंग) म्हणजे एकाच स्ट्रीममध्ये तळाचा बेस लेयर आणि त्यावर फ्रेम-दर, रिझोल्यूशन किंवा दर्जा वाढवणारे लेयर. आधी मोजमापाची सोय करा. वरच्या रिझोल्यूशनचा तोच व्हिडिओ एका लेयरमध्ये एन्कोड करा. मग हे आणि एसव्हीसी अशी दोन्ही एन्कोडिंग 22, 27, 32 आणि 37 या चार क्यूपींवर (क्वांटायझेशन पॅरामीटर; जितका जास्त, तितके बिट आणि दर्जा कमी) चालवून बीडी-रेट (सारख्याच दर्जासाठी बिटरेटमधला सरासरी टक्केवारी फरक) काढा. एकाच क्यूपीवरचा बिटरेट बघून काहीच ठरवता येत नाही.

टेम्पोरल लेयर (फ्रेम-दर वाढवणारे) जवळजवळ फुकटात मिळतात, म्हणून ते आधी लावा. हायरार्किकल बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून पातळीपातळीने अंदाज बांधलेल्या), जीओपी (फ्रेमचा गट) 8 किंवा 16. क्यूपी मात्र सगळीकडे सारखा ठेवू नका: पहिल्या पातळीला 4 वाढवा, पुढे प्रत्येकी 1. म्हणजे तळाला 28 असेल तर वर 32, 33, 34. तळाच्या फ्रेमवरून बाकीच्या सगळ्यांचा अंदाज बांधला जातो, तिथे खर्च केलेले बिट वसूल होतात. जीओपी 8 मध्ये सात फ्रेमचा उशीर होतो (30 एफपीएसला साधारण 233 मिलिसेकंद), त्यामुळे व्हिडिओ कॉलसाठी बी-फ्रेमऐवजी हायरार्किकल पी (फक्त मागच्या फ्रेमवरून अंदाज) घ्यावे लागते आणि थोडी कार्यक्षमता सोडावी लागते.

खरी गळती स्पेशियल लेयरमध्ये (रिझोल्यूशन वाढवणाऱ्या) असते. 640×360 वरून 1280×720 असं 2:1 प्रमाण सगळ्यात सोपं. पण फ्रेम लहान करणाऱ्या फिल्टरचा फेज (पिक्सेलची नेमकी जागा) डीकोडरच्या अपसॅम्पलिंगशी (फ्रेम परत मोठी करण्याशी) जुळला नाही, तर प्रत्येक कडेवर नसलेला रेसिड्युअल (अंदाज आणि मूळ यांतला फरक) तयार होतो आणि बिट तिथेच जातात. तपासणी सोपी आहे: एन्कोड न करता फ्रेम लहान करा, कोडेकच्याच फिल्टरने परत मोठी करा आणि मूळ फ्रेमशी पीएसएनआर (मूळाशी किती जुळतं याचं माप; जास्त तितकं चांगलं) काढा. मोठी केलेली फ्रेम अर्धा पिक्सेल सरकवल्यावर पीएसएनआर वाढला, तर फेज चुकलाय.

वरच्या लेयरचा क्यूपी बेसइतकाच किंवा 2 ने जास्त ठेवून सुरुवात करा. बेस फारच खरखरीत झाला की इंटर-लेयर प्रेडिक्शन (बेसवरून वरच्या लेयरचा अंदाज) एन्कोडर निवडतच नाही. रिझोल्यूशन तेच ठेवून फक्त दर्जा वाढवणारा लेयर असेल, तर क्यूपी 4 ते 6 ने कमी करा. 6 ने कमी केला की क्वांटायझेशनची पायरी निम्मी होते. फरक याहून लहान ठेवला तर हेडर आणि मोड सांगण्यातच बिट संपतात.

इंटर-लेयर प्रेडिक्शन सक्तीने लावू नका, ब्लॉकगणिक निवडू द्या. स्थिर पार्श्वभूमीत त्याच लेयरची आधीची फ्रेम बहुधा सरस ठरते. शिवाय एच.264 च्या एसव्हीसीत बेसचं टेक्स्चर फक्त इंट्रा ब्लॉकमधूनच (त्याच फ्रेमवरून अंदाज बांधलेल्या) घेता येतं, कारण डीकोडरने मोशन कॉम्पेन्सेशन (दुसऱ्या फ्रेममधला भाग सरकवून अंदाज बांधणं) एकाच लेयरला करावं अशी अट आहे. इंटर ब्लॉकमधून (दुसऱ्या फ्रेमवरून अंदाज बांधलेल्या) मोशन आणि रेसिड्युअल एवढंच मिळतं. एसएचव्हीसीत (एच.265 चं स्केलेबल रूप) बेसची पूर्ण फ्रेमच रेफरन्स म्हणून येते, त्यामुळे तिथे बेसच्या दर्जाचा फायदा जास्त होतो.

एवढं करूनही एका लेयरच्या एन्कोडिंगशी तफावत राहिली, तर बेसचे मोड ठरवताना वरच्या लेयरचा खर्चही धरा. बेस किंचित महागतो. बहुतेक प्रेक्षक बेसच बघणार असतील तर या वाटेला जाऊ नका.