रेशनचं धान्य चालू ठेवायचं तर : ई-केवायसी कार्डाची नव्हे, एकेका नावाची

रेशनकार्डावर 'अमुक तारखेपर्यंत चालेल' असं कुठे छापलेलं नसतं. त्यामुळे एकदा कार्ड झालं की धान्य कायमचं, असं आपण धरून चालतो. आमच्या घरीही तसंच होतं. कार्डावर सहा नावं. दर महिन्याला वडील दुकानात जाऊन थंब लावायचे आणि तीस किलो घेऊन यायचे. एका महिन्यात वीसच किलो मिळालं. वडील भांडायच्या तयारीत होते, पण दुकानदार शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुमचं झालंय हो. आजीचं आणि धाकट्याचं कोण करणार?"

घोळ इथेच होतो. ई-केवायसी म्हणजे कार्डावरचा माणूस खरा तोच आहे, याची आधारवरून केलेली पडताळणी. महिन्याचं धान्य उचलताना लावलेला थंब वेगळा आणि ई-केवायसीचा वेगळा. मशीनवर त्याचा पर्यायच निराळा असतो. एकाने वर्षभर अंगठा दिला तरी बाकीच्यांची केवायसी होत नाही. कार्डात जितकी नावं, तितक्या जणांनी आपापली करायची.

आणि हे एकदा करून सुटत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या आदेशात दुरुस्ती केली. त्यानुसार दर पाच वर्षांनी ई-केवायसी करावी लागणार आहे. म्हणजे नूतनीकरण आता आहेच, फक्त तसं नाव नाही.

आधी पाहा, तुम्हाला हे लागू आहे का

कार्डाच्या रंगावर जाऊ नका. महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं कार्ड आहे. पांढऱ्यावर धान्य मिळत नाही. पण केशरी असलं म्हणजे मिळतंच असंही नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली दोनच गट येतात : अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबं) आणि प्राधान्य कुटुंब. अंत्योदयला कार्डामागे महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. हे धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, त्यामुळे कुणी गहू-तांदळाचे पैसे मागितले तर पावती मागा.

आपण कुठल्या गटात आहोत हे कळायला कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर लागतो. तो माहीत नसेल तर दुकानदाराकडून घ्या आणि कार्डाच्या आतल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. पुढे जागोजागी विचारतात. महाईपॉस या राज्याच्या रेशनच्या संकेतस्थळावर 'आरसी डिटेल्स'मध्ये (म्हणजे रेशनकार्डाच्या तपशिलात) हा नंबर टाकला की कार्डावरची नावं आणि कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं ते दिसतं. आपण न घेतलेलं धान्य आपल्या नावावर कुणी उचललं असेल तर त्याचाही शोध इथेच लागतो.

दुकानात जाऊन करायची पद्धत

आधार कार्ड आणि रेशनकार्ड घेऊन जायचं. आपल्याच दुकानात गेलं पाहिजे असं नाही. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे कुठल्याही रास्त भाव दुकानात होतं. माझा भाऊ कामासाठी सुरतला असतो. त्याने तिथल्याच दुकानात केली, गावी यायचं तिकीट वाचलं.

दुकानदार ई-पॉस मशीनवर (ज्यावर आपण थंब लावतो ते) कार्डाचा नंबर टाकतो, तुमच्या नावावर बोट ठेवतो, तुम्ही थंब देता. मशीनवर आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव येतं. इथे घाई करू नका, स्क्रीनकडे स्वतः बघा. कधीतरी आधार जोडताना एकाचा नंबर दुसऱ्याच्या नावापुढे चढलेला असतो. बायकोच्या नावासमोर सासूचा आधार निघतो. तसं दिसलं तर तिथेच थांबा. ही दुरुस्ती दुकानात होत नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागतं. मुंबई-ठाण्यात त्यासाठी शिधावाटप कार्यालय आहे.

दुकानात जाताना महिन्याच्या सुरुवातीची गर्दी टाळा. धान्य आल्यावरचे पहिले चार दिवस सर्व्हर हमखास रडतो. या कामाला पैसे लागत नाहीत. 'चहापाण्याचे' पन्नास मागणारे भेटतात, देऊ नका.

अंगठा उमटत नाही तेव्हा

आजीच्या बाबतीत आम्ही दोनदा हात हलवत परत आलो. आयुष्यभर शेण-माती आणि भांडी घासून बोटं पार गुळगुळीत झालेली. मशीन प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवायचं आणि आजी मागच्या रांगेकडे बघून कानकोंडी व्हायची. तिसऱ्या वेळी डोकं चालवलं. सकाळी कोमट पाण्याने तिचे हात धुतले, थोडं खोबरेल लावलं, नीट पुसून काढलं. मशीनची काचही फडक्याने पुसायला लावली. मग अंगठ्याचा हट्ट सोडून एकेक बोट टेकवून पाहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं! दहापैकी कुठलंही बोट चालतं, पण 'थंब लावा' हा शब्द इतका रुळलाय की बाकीची नऊ कुणी वापरूनच बघत नाही.

बोटं अजिबात येत नसतील तर डोळ्यांचा स्कॅनर जोडलेलं मशीन जवळपास कुठल्या दुकानात आहे ते विचारा. तेही नसेल तर आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांची आणि डोळ्यांची नोंद, अद्ययावत करून घ्यावं लागतं. आणि कुणी फोनवरून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून विसरलं असेल, तर चांगल्या बोटांनाही मशीन नकार देतं. तरुण मुलांच्या बाबतीत आधी हे तपासा.

घरबसल्या, चेहऱ्यावरून

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हाच मार्ग बरा. फोनमध्ये प्ले स्टोअरवरून दोन अ‍ॅप घ्यायची : 'मेरा ई-केवायसी' आणि 'आधार फेस आरडी'. दुसरं उघडून काही करायचं नसतं, ते फोनमध्ये नुसतं असावं लागतं. पहिल्यात राज्य निवडा, लोकेशनची परवानगी द्या, आधार नंबर टाका. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो आणि समोरची अक्षरं भरली की माहिती उघडते. 'ई-केवायसी स्टेटस'पुढे 'वाय' असेल तर काम आधीच झालंय, 'एन' असेल तर चेहऱ्याचा पर्याय दाबा. प्रकाश तोंडावर येईल असं खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. एकाच फोनवरून घरातल्या सगळ्यांचं करता येतं, फक्त ज्याचा-त्याचा ओटीपी हाताशी हवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'रेशन बंद होणार, ही फाइल डाउनलोड करा' असं आलं तर ती फाइल उघडूसुद्धा नका.

मुलं, सून, गेलेली माणसं

पाच वर्षांखालच्या मुलांना ई-केवायसी नाही. पाच पूर्ण झाली की वर्षभरात करायची. पण त्याआधी आधार केंद्रात जाऊन मुलाच्या बोटांचे ठसे द्यावे लागतात, कारण बाळपणीच्या आधारमध्ये ते घेतलेलेच नसतात. क्रम चुकला की दुकानात फेरी फुकट. पंधराव्या वर्षी ठसे पुन्हा द्यायचे असतात, तेही लक्षात असू द्या.

लग्न झालेल्या मुलीचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून तसा दाखला घ्या, मग सासरी चढवा. कमी करायला नमुना ९ चा अर्ज, वाढवायला नमुना ८ चा. एकच आधार दोन कार्डांवर दिसला की नाव तपासणीत अडकतं. घरातलं कुणी गेलं असेल तर मृत्यूचा दाखला जोडून नाव काढून टाका.

आणखी एक गोष्ट बाहेरगावी राहणाऱ्या कुटुंबांसाठी. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होतं. मग तीन महिन्यांत पडताळणी आणि ई-केवायसी होऊन पात्रता ठरते. जिथे आहात तिथल्या दुकानातून अधूनमधून उचलत राहिलात तर ही वेळच येत नाही.

धान्य बंद झालंच असेल तर

दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही, नाव त्याच्या हाताने बंद होत नसतं. राहिलेली केवायसी लगेच पूर्ण करा. तरी नाव चालू झालं नाही तर पुरवठा शाखेत साध्या कागदावर अर्ज द्या : १२ अंकी नंबर, बंद झालेली नावं, केवायसी झाल्याची तारीख. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नुसतं 'ठेवून जा' म्हणतात, त्या कागदाचा पुढे माग लागत नाही. सोबत राहत्या पत्त्याचा अलीकडचा पुरावा ठेवा, लाइट बिल किंवा गॅसची पावती, शक्यतो वर्षाच्या आतली. तिथेही दाद लागली नाही तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच्या वर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत.

पुढच्या महिन्यात धान्य घेताना मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या. प्राधान्य कुटुंब असाल तर नावं गुणिले पाच. गहू किती, तांदूळ किती हे महिन्यागणिक बदलतं, बेरीज बदलायला नको. आमची तीस आली. वडिलांनी ती पावती घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलीय.